सेवा करायची आहे, पण मानधन किती?

माझ्या लॅपटॉपवर एक एक्सेल फाइल आहे. गेली चार वर्षे मी ती जपतो आहे. आमच्या कॉलेजच्या एका ज्युनियरने विचारले होते, ‘दादा, कंपनीतली इंटर्नशिप नको, काहीतरी समाजासाठी करायचं आहे, कुठे जाऊ?’ तेव्हा तिची सुरुवात झाली. पहिल्या रकान्यात संस्थेचे नाव, दुसऱ्यात कामाचे स्वरूप, मग कालावधी, वयाची अट, अर्जाची मुदत. वर्षाकाठी पंधरा-वीस मुले-मुली ती मागून घेतात. इंजिनिअरिंगची असतात, बी.ए.ची असतात, एखाद-दुसरा कृषी पदवीचा असतो.

मागच्या वर्षी तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीने फाइल वाचून रात्री फोन केला. तिच्या गावात काही वर्षांपूर्वी मिरवणुकीवरून दगडफेक झाली होती. प्रकरण मिटले, पोलीस गेले, पण दोन वस्त्यांतली मुले एका मैदानावर खेळायची ती बंद झाली. ते मैदान पुन्हा सुरू कसे करायचे, हे तिला शिकायचे होते. या विषयात काम करणारी एक संस्था माझ्या यादीत होती. तीन महिने, महानगरात, काम उत्तम. मी उत्साहाने सांगत सुटलो. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, ‘दादा, मानधन किती देतात?’

मी म्हणालो, ‘काही नाही.’ आणि त्या दोन शब्दांनंतर माझ्या मनात जे आले ते लिहायलाही लाज वाटते. मला वाटले, ही पण तसलीच. शांततेचे काम करायचे म्हणते आणि पहिला प्रश्न पैशांचा. तिने ‘बरं, बघते’ म्हणून फोन ठेवला. त्या जागेसाठी तिने अर्ज केला नाही.

तिचे वडील एस.टी.त वाहक आहेत आणि धाकटा भाऊ बारावीला आहे, हे मला माहीत होते. महानगरात तीन महिने कॉटबेसिसवर राहायचे म्हटले तरी डिपॉझिट, खानावळ आणि लोकलचा पास मिळून किती होतात, तेही माहीत होते. मी स्वतः तसा राहिलो आहे. तरीही मला तिचा प्रश्न खटकला. का खटकला, हे समजून घेण्यासाठी हा लेख.

आधी शब्दच पाहू. कामाच्या बदल्यात मिळणाऱ्या पैशाला मराठीत किती नावे आहेत! पगार, वेतन, मजुरी, मोबदला, भत्ता, बिदागी, दक्षिणा, विद्यावेतन, मानधन. रक्कम तीच असली तरी नाव बदलले की घेणाऱ्याची जागा बदलते. मजुरी हक्काने मागता येते, दक्षिणा मागायची नसते. ‘मानधन’ हा तर फार धूर्त शब्द आहे. त्यात मान पुढे आणि धन मागे. मान मिळालाच आहे, आता धनाबद्दल फार बोलू नये, असे तो शब्दच सुचवतो.

याचा अर्थ कुणाला विचारावा तर अंगणवाडी सेविकांना. त्यांना मिळते ते मानधन, कारण त्या ‘सेविका’. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात आशा कार्यकर्ती आली ती ‘स्वयंसेविका’ म्हणून. तिला कामागणिक मोबदला. पोषण आहार, लसीकरण, गरोदर बायकांच्या नोंदी, कोविडमध्ये दारोदार सर्वेक्षण, सगळे काम नोकरीसारखे आणि नाव सेवेचे. अखेर एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, असा निकाल दिला. मानधन म्हटले म्हणून ते वेतन नाही असे होत नाही, हे सांगायला देशाचे सर्वोच्च न्यायालय लागले. सेवा हा शब्द वापरून दुसऱ्याच्या कष्टाची किंमत पाडता येते, हे यातून दिसते. त्या मुलीच्या प्रश्नावर नाराज होताना मीही हेच करत होतो.

पण इतके म्हणून विषय संपत नाही. माझ्या नाराजीत निव्वळ मूर्खपणा नव्हता; त्यामागे एक जुनी आणि आदरणीय कल्पनाही होती. काही कामे अशी असतात की पैशासाठी केली तर ती तीच कामे राहत नाहीत. रिचर्ड टिटमस या ब्रिटिश अभ्यासकाने १९७० साली रक्तदानावर पुस्तक लिहिले. रक्त विकत घेण्याच्या व्यवस्थेपेक्षा स्वेच्छेने दिलेल्या रक्ताची व्यवस्था अधिक सुरक्षित आणि समाजासाठी अधिक चांगली, असा त्याचा युक्तिवाद. इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या पाळणाघरांचा प्रयोगही प्रसिद्ध आहे. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावला, तर उशीर कमी होण्याऐवजी वाढला. आधी संकोच होता. दंड भरला की आपण उशिराची किंमत चुकती केली, असे पालकांना वाटू लागले. दंड काढून टाकल्यावरही जुना संकोच परत आला नाही. म्हणजे पैसा एकदा मध्ये आला की नाते बदलते, ही भीती खोटी नाही.

तरीही रक्तदानाचे उदाहरण आपल्या प्रश्नाला पूर्ण लागू पडत नाही. रक्त देणारा अर्ध्या तासात उठतो, कॉफी-बिस्किट घेतो आणि संध्याकाळी आपल्या घरी जेवतो. त्याची नोकरी, खोली, ताट सगळे जागेवर असते. तीन महिने किंवा एक वर्ष देणाऱ्याचे मात्र ताटच त्या कामावर अवलंबून असते. रक्ताच्या बाटलीमागे पैसे देणे वेगळे आणि रक्तदात्याला शिबिरापर्यंत यायला एस.टी.चे भाडे देणे वेगळे. पहिल्यात पैसा हे कारण होते, दुसऱ्यात ती सोय आहे.

कारण आणि सोय यांतला हा फरक आपल्याकडे दीड-दोन पिढ्यांनी स्वतः जगून तपासला आहे. १८८४ साली पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली. तिच्या आजीव सदस्यांनी वीस वर्षे संस्थेला द्यायची आणि महिना ७५ रुपयांवर भागवायचे, असा रिवाज पडला. वकिलीत किंवा सरकारी नोकरीत याच्या कितीतरी पट मिळवू शकणारी ही माणसे होती. आगरकरांनी आपल्या आईला लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे: मोठ्या पगाराची आशा ठेवू नकोस, पोटापुरते घेऊन उरलेला वेळ लोकांसाठी घालवणार आहे, अशा आशयाचे. या पत्रातला ‘पोटापुरते’ हा भाग आपण पटकन ओलांडून जातो. त्यागाच्या त्या परमोच्च क्षणीही आगरकरांनी पोटाचा हिशेब सोडलेला नव्हता. उपाशी राहून शिकवेन, असे ते आईला म्हणाले नाहीत.

आणि हा हिशेब सोपाही नव्हता. आजीव सदस्यांनी संस्थेबाहेर काम करून मिळवावे की नाही, यावरून वाद झाले. टिळकांचे म्हणणे कडक होते: एकदा संस्थेला वाहून घेतले की बाहेरचा उद्योग नको. गोखल्यांनी सार्वजनिक सभेची चिटणिशी घेतली, तेव्हा हा वाद टोकाला गेला आणि १८९० मध्ये टिळक बाहेर पडले. कारणे इतरही होती, पण सेवेत असलेल्या माणसाला किती पुरेसे आहे आणि बाकीचा वेळ कुणाचा, हा प्रश्न त्यात होताच. टिळक आणि गोखले यांनाही ज्यावर एकमत करता आले नाही, तो प्रश्न एका तिसऱ्या वर्षाच्या मुलीने फोनवर विचारला, म्हणून मी तिला नावे ठेवत होतो!

यातल्या गोखल्यांकडे मी पुन्हा पुन्हा वळतो. वडील लवकर गेले. थोरले भाऊ गोविंदराव १५ रुपये पगारावर नोकरीला लागले आणि त्यातले आठ रुपये गोपाळच्या शिक्षणाला पाठवू लागले. पुढे धाकट्याने मोठी कमाई करावी अशी घराची अपेक्षा असताना त्याने ७५ रुपयांची वाट धरली. गोखल्यांच्या सेवेची पहिली वर्गणी त्या आठ रुपयांची होती आणि ती भरणाऱ्याचे नाव कुठल्याही रस्त्याला नाही. १९०५ साली गोखल्यांनी भारत सेवक समाज काढला, तेव्हा सदस्यांच्या शपथांमध्ये दोन गोष्टी एकत्र होत्या: स्वतःसाठी पैसा मिळवण्यात शक्ती घालवणार नाही, आणि संस्था आपल्यासाठी व कुटुंबासाठी जी तरतूद करील तीत समाधान मानीन. दुसऱ्या कलमात संस्थेवरही एक जबाबदारी येते. तरतूद करायची आहे. सेवकाच्या घराची काळजी संस्था वाहणार, म्हणून सेवकाने ती सोडायची.

१९०८ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी आपल्या कार्यकर्त्यांसाठी निष्काम कर्ममठ स्थापन केला. नावातच गीतेचा शब्द. निष्काम म्हणजे बिनपगारी असा अर्थ आपण हल्ली सर्रास घेतो. पण गीता फळाची आसक्ती सोडायला सांगते, अन्न सोडायला नाही. उलट जास्त खाणाऱ्याला जसा योग साधत नाही तसा अजिबात न खाणाऱ्यालाही साधत नाही, हेही तिथेच सांगितले आहे. महिनाअखेरचे मानधन हे कर्माचे फळ नव्हे. ते कर्म करण्यासाठी लागणारे इंधन आहे. फळ म्हणजे नाव, सत्कार, ‘मी किती केले’ ही भावना, आणि हल्लीच्या भाषेत परदेशी विद्यापीठाच्या अर्जातला एक चमकदार परिच्छेद. गंमत अशी की एकही रुपया न घेता काम करणारा माणूस या फळांसाठी हपापलेला असू शकतो, आणि पहिल्या तारखेची वाट पाहणारी मुलगी पूर्ण निष्काम असू शकते.

तरीही एक बाजू राहते. संस्थेने तरतूद केली नाही किंवा अपुरी केली, तर ती कुठून होते? घरातून. आनंदीबाई कर्व्यांचे ‘माझे पुराण’ वाचले की महर्षींच्या कार्याचा खर्च संसाराच्या बाजूने कसा दिसत होता, ते कळते. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातल्या मुलांसाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले, मंगळसूत्रसुद्धा. आपण या गोष्टी त्यागाच्या म्हणून सांगतो आणि त्या आहेतही. पण त्यांत एक साधा हिशेबही आहे: बिनपगारी सेवा अशी नसतेच. पगार कुणीतरी देतच असते. संस्था देत नसेल तर आई, भाऊ, बायको देते. श्रीमंत घरातल्या मुलाची बिनपगारी इंटर्नशिप म्हणजे त्याच्या वडिलांनी दिलेली फेलोशिप असते. त्यात वाईट काही नाही, फक्त तिला त्याग म्हणू नये.

इथून खरा नैतिक प्रश्न सुरू होतो, आणि तो त्या मुलीच्या हेतूबद्दलचा नाही. या दारातून कोण आत येते, हा तो प्रश्न आहे. जुन्या पुण्यात गरीब विद्यार्थी वार लावून जेवत: सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. एका अर्थाने ती समाजाने चालवलेली शिष्यवृत्तीच होती. पण ती सगळ्यांना खुली नव्हती. कुणाच्या ओटीवर कुणाचे पान मांडले जाईल, हे जात ठरवी. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहे उभी केली, आणि साताऱ्याला भाऊरावांनी सर्व जातींची मुले एका छताखाली ठेवून त्यांना स्वतःच्या श्रमावर शिकवले, ते याच ठिकाणी उत्तर देण्यासाठी. शिकण्याची इच्छा पुष्कळांना होती. भाकरीची सोय झाली तेव्हा ती इच्छा दिसू लागली.

शिष्यवृत्ती आणि सेवा यांचे नाते किती गुंतागुंतीचे असते, याचे सर्वांत मोठे उदाहरण बाबासाहेब आंबेडकरांचे. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी त्यांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. करारात अट होती: परत आल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानाची नोकरी. १९१७ मध्ये ते ती अट पाळायला बडोद्याला गेले, तर शहरात राहायला जागा मिळेना, आणि मिळाली तिथूनही हुसकावले गेले. सेवा करायला आलेल्या माणसाला सेवेच्या जागी राहू दिले नाही. करार मोडला, पण त्या साडेअकरा पौंडांची फेड झाली नाही, असे कोण म्हणेल? शिष्यवृत्ती देणाऱ्याने परतफेडीचा आकार आधी ठरवू नये, हे मी यातून शिकतो. आणि हेही, की राहायची जागा हा किरकोळ तपशील नसतो. कधी कधी सगळे त्यावरच मोडते.

शांततेच्या कामाला तर हे दुप्पट लागू आहे. दोन वस्त्यांमधले मैदान पुन्हा सुरू करायचे असेल, तर ते मैदान कुठे आहे, कुणाच्या घरासमोरून तिकडे वाट जाते, दगडफेकीत कुणाचे दुकान फुटले होते, हे माहीत असलेले माणूस लागते. असे माणूस बहुधा त्याच वस्तीत राहते आणि बहुधा त्याच्याकडे तीन महिन्यांचे घरभाडे नसते. विनोबांनी १९५७ मध्ये केरळात शांतिसेना उभी केली, तेव्हा शांतिसैनिकांच्या पोटाचाही विचार केला. त्यांनी सर्वोदय-पात्राची कल्पना मांडली: घराघरात एक भांडे ठेवायचे आणि घरातल्या लहान मुलाच्या हाताने रोज मूठभर धान्य त्यात टाकायचे. त्या धान्यावर शांतिसैनिकाचा निर्वाह होईल आणि प्रत्येक मूठ म्हणजे ‘आमच्या घराला शांतता हवी आहे’ असे दिलेले मत असेल. मानधनाची याहून सुंदर व्याख्या मला माहीत नाही. यात पैसा नात्याला बिघडवत नाही, तोच नाते होतो.

आता माझ्या फाइलकडे. त्या फोननंतर मी तिच्यात पाच रकाने वाढवले: राहणे, जेवण, प्रवास, आजारी पडल्यास खर्च कोणाचा, आणि घरी पाठवायला काही उरेल का. भरायला बसलो तेव्हा यादीचा चेहराच बदलला. पदवीनंतरच्या मोठ्या फेलोशिपा निर्वाहाची सोय करतात: टीच फॉर इंडिया, गांधी फेलोशिप दोन-दोन वर्षांच्या, एसबीआय यूथ फॉर इंडिया तेरा महिन्यांची, महाराष्ट्र शासनाची मुख्यमंत्री फेलोशिप. गडचिरोलीच्या ‘सर्च’चा २००६ पासून चालणारा ‘निर्माण’ हा उपक्रम तरुणांना शिबिरांतून आधी प्रश्नच नीट विचारायला शिकवतो आणि मग काम करून पाहण्याची संधी देतो. पण पदवी हातात नसलेल्या मुलांसाठी वाट अरुंद आहे. बाबा आमट्यांनी सोमनाथला सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी आहे, ती उन्हाळ्यातली आणि थोड्या दिवसांची. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून आहे: दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचे शिबिर. तिथे काही विद्यापीठे गुणांची सवलत देतात, म्हणून त्या मुलांच्या हेतूवर संशय घेणारे प्राध्यापक मी पाहिले आहेत. मला आता तो संशय निरर्थक वाटतो. दहा गुणांसाठी शिबिराला आलेला मुलगा बंधारा बांधता बांधता वेगळा होऊन परततो, हेही मी पाहिले आहे. हेतू दारात तपासायची वस्तू नाही. तो कामात घडतो, आणि बिघडायचा तर तिथेच बिघडतो.

विद्यार्थ्यांना मी हल्ली एवढेच सांगतो. पैशाबद्दल पहिल्याच पत्रात विचारा आणि संकोच न करता विचारा. प्रश्न विचारल्याने ज्या संस्थेचा तुमच्याबद्दलचा आदर कमी होतो, तिथे तुम्ही गेला नाहीत तरी चालेल. छोट्या, खरोखर गरीब संस्था असतात. त्या सरळ सांगतात की पैसे नाहीत, पण आमच्या घरी राहा, आमच्यात जेवा. ती तरतूदच आहे. ज्यांच्याकडे चकचकीत वार्षिक अहवाल आहे आणि इंटर्नसाठी मात्र केवळ प्रमाणपत्र आहे, त्यांना विचारा की या रकान्यात काय लिहू.

मी स्वतः काय केले, हे सांगितले नाही तर हा लेख अप्रामाणिक होईल. शेवटच्या वर्षाला मलाही अशी एक जागा मिळाली होती. शैक्षणिक कर्ज होते, कंपनीचे पत्र हातात होते. मी कंपनीत गेलो. आपल्याकडे पैसा नव्हता म्हणून जाता आले नाही, असे मी बरीच वर्षे स्वतःला सांगितले. कर्ज फिटूनही आता दोन वर्षे झाली आणि मी अजून त्याच खुर्चीत आहे. म्हणजे पैशाची अडचण खरी होती, आणि तिच्या आड लपणेही खरे होते. तो फोन मला खटकला त्याचे मूळ बहुधा इथे आहे. त्या मुलीने जो प्रश्न सरळ संस्थेबद्दल विचारला, तो मी त्या वयात कुणालाच विचारला नव्हता. विचारला असता तर कदाचित सोय झाली असती, आणि मग न जाण्याला कारण उरले नसते.

आता आम्ही चार मित्र दर महिन्याला थोडी रक्कम बाजूला काढतो. ती कुणा एकाच्या उन्हाळ्याच्या खोलीभाड्याला पुरते. हे गोविंदरावांच्या आठ रुपयांसारखे आहे, असे म्हणायचा मोह होतो, पण तसे नाही. त्यांचे आठ गेले की सात उरत. आमचे गेलेले आम्हाला कळतही नाही. मिळवून देणे हीसुद्धा सेवा आहे, असा युक्तिवाद मी वाचला आहे आणि तो चुकीचा नाही. फक्त तो माझ्या फारच सोयीचा आहे, म्हणून मी त्याच्याकडे जरा संशयाने पाहतो.

त्या मुलीला मी पंधरा दिवसांनी फोन केला. माफी मागितली, तर तिला कशाबद्दल ते कळले नाही. तिने यादीतली दुसरी, जिल्ह्याच्या ठिकाणची जागा शोधली होती: सहा आठवडे, राहणे-जेवण संस्थेचे, हातखर्चाला थोडे. शेवटी तिनेच विचारले, ‘दादा, तुमच्या फाइलमध्ये नोकरी करणाऱ्यांसाठी पण काही आहे का?’ मी म्हणालो, बघून सांगतो. अजून सांगितलेले नाही.